ताईचे वॅट

धनंजय खैरमोडे सात वर्षं सिंहगड रस्त्यावर सायकलींचा एक हॉल चालवत होता. हॉलमध्ये बत्तीस सायकली होत्या आणि त्यांतली एकही जागची हलत नव्हती. पुण्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या खाली उतरेनासा झाला, तेव्हापासून रस्त्यावर सायकल चालवण्याची हौस लोकांनी अशा थंड केलेल्या खोल्यांमध्ये आणून ठेवली होती. समोरच्या भिंतीभर पडदा असायचा. त्यावर वरंधा घाट उलगडत जायचा, चढ आला की पायाखालचं पॅडल आपोआप जड व्हायचं, आणि धनंजय सगळ्यांत पुढच्या सायकलवर बसून, मान मागे वळवून, एकतीस घामेजलेल्या माणसांना घाट चढवायचा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो एक तासभर दोनशे दहा वॅट टिकवायचा. तेवढ्या विजेवर घरातले तीन पंखे फिरतात. ही गोष्ट तो प्रत्येक नव्या माणसाला सांगायचा आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारायचा.

मग त्याला कोरडा ताप आला.

हा ताप तेव्हा दोन वर्षांपूर्वीच देशात आलेला होता. खोकला नाही, घाम नाही, बारा दिवस अंग तापायचं आणि तेराव्या दिवशी माणूस उठून बसायचा. शंभरांतला एखादा मात्र उठायचा नाही. धनंजय तसल्यांतला निघाला. सात महिने तो पलंगावर होता. त्याची बायको मनाली पाणीपुरवठा विभागात अभियंता होती. ती सकाळी कामावर जाण्याआधी त्याला आंघोळ घालायची आणि संध्याकाळी आल्यावर त्याच्याशी हळू आवाजात, थोडंच बोलायची, कारण ऐकण्यानंही तो दमायचा. हॉल दुसऱ्या कुणीतरी चालवायला घेतला. धनंजयला ते कळलं तेव्हा त्यानं फक्त एवढंच विचारलं, की पुढच्या सायकलवर आता कोण बसतं.

जानेवारीत त्याला घरातल्या घरात सायकलवर बसायची परवानगी मिळाली. मनालीनं खिडकीशी एक सायकल आणून लावली. मांडीभोवती बांधायचा एक रुंद पट्टा सायकलीबरोबर आला होता. त्यातून तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कातडीतून आत जायचा आणि स्नायूंमधल्या रक्ताचा रंग घेऊन परत यायचा. स्नायू किती झपाट्यानं प्राणवायू ओढून घेतोय हे त्या रंगावरून कळायचं आणि सायकलच्या पडद्यावर वॅटच्या आकड्यात दिसायचं. पहिल्या दिवशी धनंजयनं तीन मिनिटं पॅडल मारलं. आकडा चौदा आला. त्याला हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्याला उशीवरून मान उचलता येईना, आणि ते चार दिवस टिकलं.

त्यानं आठवड्यानं पुन्हा केलं. पुन्हा चौदा, पुन्हा चार दिवस. मार्चपर्यंत असं सहा वेळा झालं. सहाव्या वेळी तो न्हाणीघरात स्टुलावर बसून राहिला आणि मनालीनं दार वाजवल्यावर आतूनच म्हणाला की तिनं आता आपलं बघावं, तिचं वय अजून गेलेलं नाही. मनाली दाराबाहेरच फरशीवर बसली. तो बाहेर येईपर्यंत ती उठली नाही.

डॉक्टर नाझनीन मुजावर यांचं नाव तिनं त्याच आठवड्यात शोधून काढलं.

मुजावर मूळच्या कोल्हापूरच्या, बोलायला सरळ. त्यांनी कागदावर एक पेशी काढली आणि तिच्यात शेंगदाण्याच्या आकाराचे ठिपके काढले. या तंतुकणिका, त्या म्हणाल्या. आपण खातो ते अन्न आणि घेतो तो श्वास, दोन्ही शेवटी यांच्यापाशी येतं आणि इथंच त्याची ताकद होते. तापाचे विषाणू तर केव्हाच गेले होते, पण जाताना धनंजयच्या रक्ताला एक खोटी सवय लावून गेले होते. त्याचं रक्त स्वतःच्याच तंतुकणिकांना शत्रू समजून कुरतडत होतं. औषधानं ते कमी होत होतं, थांबत नव्हतं. पण दुसऱ्या माणसाच्या निरोगी स्नायूतून तंतुकणिका काढून त्याच्या स्नायूंत सोडता येणार होत्या. पेशी त्यांना आत घेते आणि कामाला लावते. प्रयोगशाळेत त्या वाढवता येत नव्हत्या, कारण काचेच्या बशीतल्या पेशी नुसत्या साखरेवर भागवतात आणि त्यांच्या तंतुकणिका सुस्त होत जातात. त्या जिवंत, राबत्या माणसाच्याच हव्या होत्या.

“आणि त्या कुणाच्याही चालत नाहीत,” मुजावर म्हणाल्या. “तंतुकणिका फक्त आईकडून येतात. बापाकडून एकही येत नाही. दुसऱ्या घराण्याच्या दिल्या तर शरीर पंधरा दिवसांत बाहेर फेकतं. तुमच्या आई आहेत?”

आई तो अकरा वर्षांचा असतानाच गेली होती. मुलं नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. त्यांनी आईचा वारसा मनालीकडून घेतला असता.

“बहीण आहे,” धनंजय म्हणाला.

वृषाली त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर त्याच्या शाळेच्या डब्यापासून पहिल्या सायकलीपर्यंत सगळं तिनंच केलं होतं. लग्न करून ती वाईला गेली, तिथल्या शाळेत खेळाची शिक्षिका झाली, नवरा वारला, नोकरी संपली, तरी नदीकाठच्या मैदानावर मुलींना खो-खो शिकवायला ती रोज संध्याकाळी जायची. सत्तावन्नाव्या वर्षी ती स्वतः पाठलागाला उतरायची आणि पंधरा वर्षांच्या मुलींना खांबाजवळ गाठायची.

मनालीनं फोन केला तेव्हा तिनं कसलीच चौकशी केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती आली, घरात शिरल्याबरोबर आधी धनंजयचे पाय दाबून बघितले आणि म्हणाली, की एवढे बारीक तर ते तो चौथीत असतानाही नव्हते.

तिच्या दोन्ही मांड्यांमधून सुपारीएवढे स्नायूचे तुकडे काढले. त्यांतल्या तंतुकणिकांना चमकणारा एक निरुपद्रवी रंग लावला, म्हणजे त्या कुठं गेल्या आणि काम करताहेत का हे पट्ट्याला ओळखता येईल. मग त्या धनंजयच्या पायांत चाळीस ठिकाणी टोचून सोडल्या. दात्याचं शरीर आपली तूट दोन-तीन महिन्यांत भरून काढतं, असं मुजावर यांनी सांगितलं होतं. वय जास्त असेल तर थोडा उशीर लागतो, म्हणून वर्षातून दोनदाच देता येतं आणि दर वेळी आधी दात्याचीही तपासणी होते.

नवव्या दिवशी धनंजय सायकलवर बसला. पडद्यावर आता दोन पट्ट्या होत्या. हिरवी त्याची स्वतःची होती. केशरी ताईची. हिरवी चौदावर होती आणि केशरी चढत चालली होती. वीस, सव्वीस, एकतीस. पाच मिनिटं झाली तरी त्याला धाप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तो उठून स्वतः चहा करायला गेला आणि चहा उतू गेला, कारण मनाली त्याच्या गळ्यात पडून रडत होती.

मे महिन्यात तो एकशे चाळीसवर होता. जूनच्या पहिल्या सोमवारी हॉलवाल्यांनी त्याला सकाळच्या वर्गाला पुढच्या सायकलवर बसवलं. लोक उभे राहिले. त्या दिवशी ते घाट अर्ध्यापर्यंतच चढले, पण धनंजय घरी आला तो गाणं गुणगुणत. त्यानं ताईला फोन करून वॅट सांगितले. ती म्हणाली की आपल्या मुली तालुक्यात पहिल्या आल्या.

पुढच्या पंधरवड्यात केशरी पट्टी उतरू लागली.

आधी त्याला वाटलं पट्टा सैल झाला असेल. त्यानं तो घट्ट आवळला. आकडा रोज दोन-तीननं कमी व्हायचा. मुजावर यांनी रक्त तपासून सांगितलं, की रक्ताची सवय गेलेली नाही, ते आता ताईच्या तंतुकणिकांनाही हळूहळू कुरतडतंय. काही रोग्यांमध्ये दुसऱ्या वेळेनंतर रक्त शांत होतं आणि हिरवी पट्टी आपोआप वाढू लागते. काहींमध्ये नाही. आधी सांगता येत नाही.

त्या दिवसांत धनंजय दिवसातून चार-चार वेळा सायकलवर बसायचा, चालवायला नाही, नुसता आकडा बघायला. पडद्याकडे बघताना त्याचा चेहरा, मनाली नंतर म्हणाली, नळाखाली घागर धरलेल्या आणि पाणी जाताना ऐकणाऱ्या बाईसारखा व्हायचा. जुलैमध्ये एका सकाळी त्यानं ताईला फोन लावला. मागितलं काहीच नाही.

“आज एकसष्ट आलेत, ताई,” तो म्हणाला. “काल चौसष्ट होते.”

तिनं आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, “येते मी.”

दुसऱ्या वेळीही तपासणीत ती पास झाली. त्यानंतर चार दिवस ती पुण्यात राहिली. मनालीच्या लक्षात आलं, की ताई भाजी चिरताना मध्येच सुरी खाली ठेवते आणि हात मांडीवर ठेवून बसून राहते. कणीक मळायला घेतली की अर्ध्यावर मनालीकडे सरकवते. तिनं धनंजयला ते सांगितलं. तो म्हणाला की शस्त्रक्रिया झाल्यावर चार दिवस तसं व्हायचंच. मनालीनं पुन्हा सांगितलं तेव्हा तो चिडला, आणि सात महिने पलंगावर कोण होतं असं त्यानं तिला विचारलं. मनाली म्हणाली की पलंगाशी कोण होतं तेही त्यानं आठवावं. त्यानंतर त्या घरात ताईच्या पायांविषयी कुणी बोललं नाही.

ऑगस्टमध्ये तो एकशे साठवर गेला. ऑक्टोबरमध्ये एकशे दहा. दिवाळीनंतर पंच्याण्णव. हिरवी पट्टी एवढ्या काळात चौदावरून एकोणीसवर आली होती, बस. मुजावर यांनी तिसऱ्यांदा देण्याला साफ नकार दिला. वर्ष पुरं होईपर्यंत त्या ताईला हात लावणार नव्हत्या, आणि त्यानंतरही लावतील असं नाही.

महामार्गालगत एक खासगी केंद्र होतं, तिथं एवढे प्रश्न विचारत नाहीत, असं धनंजयला हॉलमधल्या एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. दात्यानं फक्त हे आपलं पहिलंच दान असल्याचं लिहून द्यायचं होतं. धनंजयनं डिसेंबरमधला गुरुवार ठरवला आणि मग ताईला सांगितलं. ती बरं म्हणाली. खोटं लिहायला लागेल हेही त्यानं सांगितलं. त्यालाही ती बरं म्हणाली. मनालीनं तिला आणायला गाडी काढायचं नाकारलं, म्हणून मंगळवारी तो स्वतःच एसटीनं वाईला गेला.

घराला कुलूप होतं. शेजारणीनं मैदानाकडे बोट दाखवलं. चार वाजून गेले होते, ऊन नदीवर तिरपं पडलं होतं. मैदानावर आठ मुली आखलेल्या रेषेवर एकाआड एक तोंडं फिरवून बसल्या होत्या, नववी तिघींच्या मागं पळत होती. ताई खांबाजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर होती. तिच्या हातात शिट्टी होती. एक मुलगी खांबाला वळसा घालताना घसरली आणि तिथंच गुडघा धरून बसली. ताई उठायला गेली. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती अर्धी वर आली, तशीच क्षणभर थांबली आणि पुन्हा खाली बसली. मुलीनं स्वतःच माती झटकली. ताईनं शिट्टी तोंडाशी नेली. आवाज फुटायला दोन श्वास लागले.

धनंजय कुंपणापाशी उभा राहिला. पाहिलेलं त्याला लगेच कळलं, आणि कळल्यावरही त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की गुरुवारनंतर हिनं महिनाभर नीट विश्रांती घेतली तर होईल ठीक. त्याला स्वतःची लाज वाटली, पण विचार तेवढ्यानं थांबला नाही.

मुली गेल्यावर तो तिच्याशेजारी मातीत बसला.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“जुलैच्या तपासणीआधीपासून. मुलींना सांगितलंय, शीर आखडलीय.”

“तपासणीत तर पास झाली होतीस.”

ताईनं शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळली. मग तिनं सांगितलं, की तपासणीआधी अकरा दिवस ती पलंगावरून उठली नव्हती. शेजारीण डबा आणून द्यायची. साठवलेलं सगळं तिनं त्या एका सकाळी पट्ट्यापुढं खर्च केलं होतं. “सामन्याआधी पाय राखून ठेवायचे, हे आपल्या दोघांना कुणी शिकवायला नको,” ती म्हणाली. “या वेळीही राखलेत. आज जरा मैदानावर आले एवढंच. पिशवी भरून ठेवलीय.”

धनंजयनं सोबत आणलेला पट्टा काढला. ती नको म्हणाली, पण त्याचा हात बाजूला सारण्याइतका जोर तिच्या हातात नव्हता. त्यानं साडीवरूनच पट्टा बांधला, मग तसं चालत नाही हे आठवून शरमला, आणि घरी गेल्यावर तिनं स्वतःच बांधून त्याला फोनवर उतरलेला आकडा दाखवला. बावीस. धनंजयच्या अंगात त्या संध्याकाळी पंच्याऐंशी होते, आणि त्यांतले सहासष्ट तिचे होते.

वाईहून पुण्याला परतताना त्यानं टॅक्सी केली. ताई मागच्या सीटवर झोपली होती. धनंजयनं डॉक्टर मुजावर यांना फोन लावून एकच गोष्ट विचारली: जे टोचून आत सोडलं, ते बाहेर काढून परत देता येईल का.

 हे कुणी केलेलं नव्हतं. पण मधूनमधून थांबत मुजावर सांगू लागल्या. रंगामुळे ताईच्या तंतुकणिका ओळखू येतात. चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या वेगळ्या करणारं यंत्र प्रयोगशाळेत आहे. ताईच्या रक्ताला ती वाईट सवय नाही, म्हणजे तिच्यात त्या टिकतील, कदाचित आतल्या आत वाढतीलही. जितका उशीर होईल तितक्या कमी उरतील. मग त्यांनी विचारलं, की आपण एकोणीसवर जाणार हे त्याला समजलंय ना. आणि एकोणीसही कायम राहील याची खात्री त्या देणार नव्हत्या, कारण सुया पुन्हा चाळीस ठिकाणी जाणार होत्या, या वेळी काढून घेण्यासाठी. धनंजय म्हणाला की समजलंय. त्याचा आवाज इतका लहान आला, की त्यांनी त्याला ते पुन्हा म्हणायला लावलं.

मनालीला त्यानं घरी आल्यावर सांगितलं. त्याला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“मी तुला थांबायला सांगत होते,” ती म्हणाली. “मागं फिरायला नाही.”

तिला पुन्हा ती आंघोळ, तो हळू आवाज, ते सात महिने दिसत होते, आणि या वेळी त्यांच्या पलीकडे काहीच दिसत नव्हतं.  मग तिनं कार्यालयात फोन करून गुरुवारची रजा टाकली.

ताईला रुग्णालयात पोचल्यावरच कळलं. धनंजयनं तिला तिथवर खासगी केंद्राच्याच भुलाव्यात आणलं होतं. तिनं आधी ऐकून घेतलं, मग पिशवी उचलली. पिशवी तिच्या हातून सुटली तेव्हा तिचा राग अनावर झाला. दिलेलं परत घ्यायला मी काय हातउसनं दिलं होतं का, असं ती म्हणाली. आपण आईच्या जागी होतो, आणि आईनं दिलेलं कुणी परत आणून देत नाही. धनंजय तिच्यापुढं खाली बसला, कारण उभं राहून एवढं बोलणं त्याला झेपणार नव्हतं.

“तू घेतलं नाहीस तरी माझ्यात त्या तंतुकणिका जगणार नाहीत, ताई,” तो म्हणाला. “माझं रक्त त्यांना खातंय. तीन महिन्यांत त्या ना माझ्याकडे राहतील, ना तुझ्याकडे. तुझ्यात जगतील. हिशेब नाही, एवढंच आहे हे.”

तिनं मुजावर यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. ताईनं सही केली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही, त्या दिवशी नाही आणि पुढं साडेतीन महिने नाही. वाईहून ती मनालीला फोन करायची आणि आकडा सांगून ठेवून द्यायची.

धनंजयला परतफेड जड गेली. जानेवारीभर त्याला उजेड सहन होत नव्हता. अन्न पातळ करून द्यावं लागायचं. एकदा त्यानं मनालीला विचारलं, की हे असंच राहणार असेल तर ती काय करेल. मनाली म्हणाली की तिला माहीत नाही, आणि ती खोटं बोलली नाही याचं त्याला त्या अंधाऱ्या खोलीत बरं वाटलं. फेब्रुवारीत तो उशीला टेकून बसू लागला. मार्चअखेर मुजावर यांनी सायकलवर दोन मिनिटांची परवानगी दिली, आठवड्यातून एकदा, एक सेकंदही जास्त नाही. पडद्यावर आता एकच पट्टी होती.

एप्रिलमधल्या एका सकाळी मनालीनं दार उघडलं तर बाहेर ताई उभी होती. कळवलं नव्हतं. ती चपला काढून सरळ आतल्या खोलीत आली. धनंजय सायकलवर होता. पाय अगदी सावकाश फिरत होते. तो थांबू लागला, तसा तिनं हात करून त्याला चालू ठेवायला सांगितलं.

“किती?” तिनं विचारलं.

“सतरा.”

“माझे त्रेसष्ट.” ती पडद्यावरच्या हिरव्या पट्टीकडे बघत होती. “काल एका मुलीला खांबाजवळ बाद केलं. तिनं मुद्दाम पाय सावकाश टाकला असेल, मला कळतं ते. पण केलं.”

धनंजयनं मान हलवली. बोललं तर श्वास तुटला असता.

“राग गेलेला नाही माझा,” ताई म्हणाली.

मनालीनं तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. ताई बसली नाही. धनंजयची दोन मिनिटं व्हायला अजून चाळीस सेकंद होते, आणि ते संपेपर्यंत ती सायकलच्या मुठीवर हात ठेवून त्याच्याशेजारी उभी राहिली.